हवेची पिशवी आणि फुटणारा माल

आम्ही कापडाचा धंदा करणारी माणसे. कापडाची गाठ ट्रकवरून खाली टाकली तरी कापड फुटत नाही. पाणी लागू नये, हमालाचा आकडा लागू नये, गोदामात उंदीर लागू नये, एवढी काळजी घेतली की कापडवाल्याचे काम झाले. त्यामुळे पॅकिंगचा विचार आमच्या दुकानात कधी झालाच नाही. गोणपाट, सुतळी आणि वर पत्ता, एवढीच आमची पॅकिंग.

ही बेफिकिरी काही वर्षांपूर्वी आम्हाला महागात पडली. रमजानच्या तोंडावर मुंबईहून कुर्त्याचे पांढरे कापड मागवले होते. सणाच्या दिवसांत आम्ही दुकानात टोप्या, रुमाल आणि अत्तरही ठेवतो. भाडे वाचावे म्हणून आम्हीच घाऊक व्यापाऱ्याला फोनवर सांगितले की, अत्तराच्या बाटल्या वेगळ्या पाठवू नका, कापडाच्या खोक्यातच टाका. कापड मऊ असते, बाटल्यांना काही होणार नाही. खोके बीडला आले तेव्हा टेंपोतून उतरवण्याआधीच वास आला. तीन बाटल्या फुटल्या होत्या. अत्तर तेलाचे, ते तागोताग उतरले होते. बाटल्यांची किंमत थोडी होती, पण डागलेल्या कापडाचे नुकसान तिच्या कितीतरी पट झाले. वर सीझन हातचा गेला. माल आणणाऱ्याकडे भरपाई मागायला गेलो, तर त्याने बिल्टीच्या पाठीमागचा बारीक मजकूर दाखवला. तो मजकूर आम्ही इतक्या वर्षांत एकदाही वाचला नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी शिकायला घेतल्या. माल फुटतो का, आणि फुटल्यावर नुकसान कोणाच्या माथी बसते. या लेखात त्या दोन्ही गोष्टी व्यापारी आणि कारागीर बंधूंसमोर ठेवत आहोत. त्यासाठी आजकाल बाजारात आलेल्या हवेच्या पिशव्यांची माहिती घेणे जरुरीचे आहे.

मऊ कापडात बाटली का फुटली?

हा प्रश्न आमच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता. उत्तर आम्हाला एका पिंजारी भावाच्या दुकानात मिळाले. नवी गादी भरली की ती फुगलेली असते, हात ठेवला तर खाली जाते आणि हात काढला की वर येते. तीच गादी पाचसहा वर्षे वापरली की दबून पाटासारखी होते. रुई तेवढीच असते, गेलेली असते ती रुईमधली हवा. पिंजारी धुनकीने रुई पिंजतो म्हणजे तिच्यात पुन्हा हवा भरतो. गादीचा मऊपणा अर्ध्याहून अधिक हवेचाच असतो.

आमच्या खोक्यातले कापड घट्ट घड्यांचे होते. तागे एकमेकांवर दाबून भरलेले, मध्ये हवा नव्हती. असा तागा हाताला मऊ लागतो, पण ठोकर बसली की लाकडाच्या ओंडक्यासारखा वागतो. दोन तागांच्या मध्ये बाटली म्हणजे दोन ओंडक्यांच्या मध्ये काच.

आता थोडा हिशेब पाहू. वस्तू पडल्यामुळे फुटत नाही, पडून एकदम थांबल्यामुळे फुटते. जितक्या कमी अंतरात ती थांबेल तितका मार जास्त. समजा खोके ७५ सेंटिमीटर उंचीवरून, म्हणजे माणसाच्या कमरेच्या थोडे खालून पडले. आतली बाटली ३ मिलिमीटरमध्ये थांबली तर तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारे २५० पट मार बसतो. हीच बाटली ३ सेंटिमीटरमध्ये, म्हणजे दहापट अंतरात, हळूहळू थांबली तर मार सुमारे २५ पट होतो. २०० ग्रॅमची बाटली असेल तर पहिल्या वेळी तिच्यावर ५० किलोचा बोजा पडल्यासारखे होते, दुसऱ्या वेळी ५ किलोचा. पहिल्यात बाटली फुटेल, दुसऱ्यात बहुतेक वाचेल.

सगळ्या पॅकिंगचे गणित एवढेच आहे. वस्तूला थांबायला जागा द्यायची. पेंढा, भुसा, कागदाची कात्रणे, रुई, फोम या सगळ्या वस्तू हेच काम करतात, आणि प्रत्येकीत खरे काम तिच्यात अडकलेली हवा करते. हवेच्या पिशवीत फक्त हवाच ठेवली आहे, बाकीचे वजन काढून टाकले आहे. हवेचा आणखी एक गुण आहे. पिशवीवर एका जागी दाब पडला तर आतली हवा तो दाब चारी बाजूंना वाटून देते. पेंढ्याची एखादी काडी टोचते तसे येथे होत नाही.

मशकीपासून बबल रॅपपर्यंत

हवा भरलेली पिशवी ही काही नवी चीज नाही. इतिहासात आपण वाचले आहे की १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाकडून हार झाल्यावर हुमायून गंगेत बुडू लागला, तेव्हा निजाम नावाच्या भिस्त्याने हवा भरलेल्या मशकीच्या आधाराने त्याला पार नेले. पाण्याची मशक त्या दिवशी हवेची मशक झाली आणि तिने एका बादशहाचा जीव वाचवला.

आपले बीडही एके काळी चामड्याच्या छागलींसाठी नावाजलेले होते. जुन्या गॅझेटियरमध्ये बीडच्या छागली आणि गुप्त्या यांची नोंद आहे. छागल बनवणाऱ्या कारागिराला एक गोष्ट चांगली ठाऊक असे की, कातडे कितीही चांगले असले तरी पिशवीची ताकद शिवणीत आणि तोंडात असते. शिवण उसवली की सगळे पाणी गेले. आजच्या प्लास्टिकच्या हवेच्या पिशवीलाही हाच नियम लागू आहे. ती शिवणीच्या जागी चिकटवलेली असते आणि तोंडाच्या जागी व्हॉल्व्ह असतो. पिशवी पारखायची तर आधी याच दोन जागा पाहाव्यात.

आज घरोघरी मुले फटफट फोडतात तो बबल रॅप १९५७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या हॉथॉर्न गावी तयार झाला. आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी स्नानगृहाचे दोन प्लास्टिकचे पडदे एकमेकांना चिकटवले, मध्ये हवेचे फुगे राहिले. त्यांना भिंतीला लावायचा नक्षीचा कागद बनवायचा होता. तो चालला नाही. मग हरितगृहाला ऊब राखण्यासाठी म्हणून विकून पाहिला, तेही फारसे जमले नाही. १९६० मध्ये त्यांनी सील्ड एअर नावाची कंपनी काढली. आयबीएम कंपनीला आपले १४०१ नावाचे नवे संगणक न मोडता गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचे होते, तेव्हा या फुग्यांचे खरे काम सापडले. माल तयार होता, त्याचे गिऱ्हाईक मागून मिळाले. व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

बबल रॅपमध्ये एक अडचण पहिल्यापासून होती. कारखान्यातून तो फुगलेलाच निघतो. म्हणजे ट्रकभर रोल आणले तर आपण बहुतेक हवाच वाहून आणतो आणि गोदामही हवेनेच भरतो. म्हणून पुढे सपाट येणाऱ्या आणि माल भरताना फुगवायच्या पिशव्या निघाल्या. २०१५ मध्ये सील्ड एअरने बबल रॅपचाच न फुगवलेला प्रकार आणला.

पिशव्यांचे चार प्रकार

पहिला बबल रॅप. यंत्र लागत नाही, कात्रीने कापून गुंडाळता येतो. फुगे वस्तूकडे आणि सपाट बाजू बाहेर ठेवावी. हलक्या वस्तूला लहान फुगे चालतात, जड वस्तूखाली लहान फुगे लगेच दबतात. एका थराने काम भागेल असे समजू नये, दोनतीन वेढे द्यावेत.

दुसरा हवेची उशी, म्हणजे एअर पिलो. प्लास्टिकच्या पट्टीवर एकापुढे एक लहान उशा असतात. एक छोटे यंत्र पट्टीत हवा भरते आणि उष्णतेने तोंड चिकटवते. खोक्यात वस्तू ठेवल्यावर उरलेली मोकळी जागा भरण्यासाठी ही उशी चांगली. रोज पुष्कळ पार्सले जात असतील तरच यंत्र परवडते. या उशीने वस्तू हलत नाही एवढेच होते. जड वस्तूच्या खाली ती घालू नये, एका ठोकरीत फुटते.

तिसरा एअर कॉलम बॅग, म्हणजे उभ्या नळ्यांची पिशवी. आमच्या पुतण्याने मोबाईलचा एक सुटा भाग मागवला तेव्हा त्याच्या खोक्यातून ही पहिल्यांदा आमच्या हाती आली. काडतुसाच्या पट्ट्यासारख्या नळ्या शेजारी शेजारी, मध्ये वस्तू ठेवायला खिसा. हिच्या प्लास्टिकमध्ये दोन पॉलिथिनच्या थरांत नायलॉनचा थर असतो. पॉलिथिनमधून हवा हळूहळू निसटते, नायलॉन ती अडवते. प्रत्येक नळीला आपला व्हॉल्व्ह असतो. सायकलच्या ट्यूबसारखी हवा आत जाते, पण बाहेर येत नाही; आतली हवाच व्हॉल्व्हच्या दोन पातळ पदरांना दाबून बंद करते. सगळ्या नळ्या एकाच तोंडाने, साध्या हातपंपानेही भरता येतात. मोठा फायदा असा की एक नळी फुटली तर तेवढीच जाते, बाकीच्या उभ्या राहतात. बाटल्या, काचेचे सामान, घड्याळे, दिवे यांना हीच पिशवी आम्हाला सर्वांत उपयोगी वाटली. छोट्या दुकानदाराला यंत्राशिवाय सुरुवात करता येते आणि शंभर पिशव्या एका कप्प्यात मावतात.

चौथा प्रकार ट्रक आणि कंटेनरमधल्या मोठ्या पिशव्यांचा, त्यांना डनेज बॅग म्हणतात. बाहेर जाड क्राफ्ट कागद किंवा विणलेले पॉलिप्रॉपिलीन, आत प्लास्टिकची थैली. दोन थप्प्यांच्या मधल्या फटीत ही रिकामी ठेवायची आणि मग भरायची, म्हणजे वळणावर थप्पी कलंडत नाही. पूर्ण ट्रक भरून फरशी, पिंपे किंवा यंत्रे पाठवणाऱ्यांच्या कामाची. दाब मोजायचे मीटर लावूनच भरावी. जास्त भरली तर शेजारचा माल किंवा गाडीचा फाळका दाबला जातो.

भरताना आणि ठेवताना

नव्या माणसाला वाटते, पिशवी जितकी टणक तितकी चांगली. हे उलटे आहे. टणक फुगवलेली पिशवी पुन्हा लाकडासारखीच वागते, वस्तूला थांबायला अंतर मिळत नाही. अंगठ्याने दाबल्यावर थोडी आत जाईल आणि लगेच वर येईल एवढीच हवा ठेवावी.

दुसरे कारण आमच्या उन्हाचे आहे. सकाळी २० अंश तापमानात भरलेली पिशवी दुपारी बंद गाडीत ५० अंशांपर्यंत तापली तर आतला दाब सुमारे एक दशांशाने वाढू पाहतो. काठोकाठ भरलेली पिशवी तेव्हा शिवणीवर उसवते. रात्री थंडीत तीच पिशवी ढिली पडते. माल लेहसारख्या उंच ठिकाणी जाणार असेल तर आणखी जपावे. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे, लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर. तेथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, त्यामुळे पिशवी आपोआप फुगते. विमानाने जाणाऱ्या पार्सलचीही हीच गोष्ट.

टोकदार वस्तू उघडी ठेवू नये. खिळा, तारेचे टोक, धातूची धार, नक्षीचा कंगोरा, काहीही असले तरी आधी पुठ्ठ्यात किंवा जाड कागदात गुंडाळून मग पिशवीत घालावे. खोक्याच्या आतल्या पिना हाताने चाचपून पाहाव्यात. भरलेल्या पिशव्या एक रात्र तशाच ठेवून सकाळी पाहिल्या तर चुणारी पिशवी आधीच कळते. हे एक रात्रीचे थांबणे आमच्या तजुर्ब्यात सर्वांत फायद्याचे ठरले आहे.

आणि खोके मजबूत हवे. हवेची पिशवी वस्तूला मारापासून वाचवते, वरच्या ओझ्यापासून नाही. ट्रकमध्ये खालच्या थरात आलेल्या खोक्यावर आठदहा खोकी बसतात. ते ओझे पुठ्ठ्याने पेलायचे असते. जुना, दमट झालेला पुठ्ठा वापरला तर आतली पिशवी कितीही चांगली असली तरी खोके चेपते.

कोणत्या मालाला नको

सर्व दुखण्यांवर एकच औषध नसते. आमच्या बागवान बंधूंनी सीताफळाला या पिशवीत घालू नये. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे दूरच्या गिऱ्हाइकाची मागणी वाढावी ही सर्वांची इच्छा आहे. पण फळ श्वास घेते, त्यातून ओल आणि ऊब निघते. बंद प्लास्टिकमध्ये ती कोंडली की फळ लवकर पिकते आणि काळे पडते. त्याला छिद्रांचे खोके, कागद किंवा फोमची जाळीच बरी. थर कमी ठेवावेत.

मणियार बंधूंच्या बांगड्यांचे वेगळे आहे. फिरोजाबादच्या कारखानदारांनी बांगड्या दोऱ्यात घट्ट ओवून कागदात बांधायची जुनी रीत बसवली आहे. बांगडी बांगडीला टेकून एक नळी बनते आणि ती नळी एकट्या बांगडीपेक्षा पुष्कळ मजबूत असते. ती रीत मोडू नये. गठ्ठा तसाच ठेवून त्याच्या आणि खोक्याच्या मध्ये सर्व बाजूंनी हवेची पिशवी किंवा कागद घालावा.

कापडाला तर हवेची पिशवी बिलकूल नको. कापडासोबत काच पाठवायचीच असेल तर दोन खोकी करावीत. आम्ही जे भाडे वाचवायला गेलो ते किती महाग पडले हे वर सांगितलेच आहे.

शिंपीकाम करणाऱ्या आणि कापड विकणाऱ्यांकडे चिंध्यांचा ढीग असतो. हलक्या, स्वस्त वस्तूंसाठी सैल चुरगाळलेल्या चिंध्या आणि रद्दी कागद अजूनही उत्तम. अट एकच, घट्ट कोंबू नयेत, सैल राहू द्याव्यात.

खर्च परवडतो का?

हवा फुकट आहे असे पिशवी विकणारा सांगतो. ते अर्धेच खरे आहे. बरेच कुरिअरवाले वजन आणि आकार या दोन्हींत जे जास्त येईल त्याचे भाडे घेतात. आकाराचे वजन काढताना बहुधा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ३० बाय २० बाय २० चे खोके २.४ किलोचे धरले जाते. तीच वस्तू ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्यात भरपूर उशा घालून पाठवली तर ७.२ किलोचे भाडे लागते. म्हणजे हवेचेही भाडे द्यावे लागते. म्हणून वस्तूच्या सर्व बाजूंना चारपाच सेंटिमीटर राहतील एवढेच खोके घ्यावे.

आता पिशवी घ्यावी की नाही याचा हिशेब. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा १०० पार्सलांपैकी ४ फुटतात. एका पार्सलात ६०० रुपयांचा माल आणि जाण्यायेण्याचे भाडे १५०, म्हणजे एका फुटीचे नुकसान ७५० रुपये, चारांचे ३,०००. पिशवी १५ रुपयांना मिळाली तर १०० पिशव्यांचे १,५०० होतात. पिशवीमुळे ४ ऐवजी एकच पार्सल फुटले तर एकूण खर्च १,५०० अधिक ७५०, म्हणजे २,२५० रुपये. ७५० रुपये वाचले. पण माल २०० रुपयांचाच असेल तर? एका फुटीचे नुकसान ३५०, चारांचे १,४००. पिशव्यांसह १,५०० अधिक ३५०, म्हणजे १,८५०. येथे पिशवी ४५० रुपयांच्या तोट्याची. अशा मालाला कागद आणि चिंध्याच पुरेत. यासाठी आधी आपली किती पार्सले फुटतात हे वहीत लिहून ठेवायला हवे. बहुतेक दुकानदार ते लिहीत नाहीत, आम्हीही लिहीत नव्हतो.

मात्र फुटलेला माल बाजूच्या मालाला खराब करत असेल, जसे तेल, अत्तर, शाई, लोणचे, तर तो शेजारचा मालही हिशेबात धरावा. तेथे पिशवी जवळजवळ नेहमीच परवडते.

बिल्टीच्या मागे काय लिहिलेले असते

आता दुसरा प्रश्न, नुकसान कोणाचे? रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ चा नवा कायदा आला आणि त्याचे नियम २०११ मध्ये झाले. त्यानुसार माल बुक करताना आपण जास्त किंमत जाहीर करून त्याचा जादा आकार भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. म्हणजे ३०० रुपये भाडे दिले आणि ४० हजारांचा माल खराब झाला, तर ३,००० रुपयांपर्यंतच मागता येते. दावा करायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. आम्ही किंमत जाहीर केली नव्हती आणि नोटीसही दिली नव्हती. तोंडी भांडण मात्र पुष्कळ केले.

रेल्वेचेही असेच आहे. परळीला रेल्वे जुनीच आहे, बीड शहराला ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून पोचली. पुढेमागे आपला मालही त्या मार्गाने जाईल. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम ९८ सदोष पॅकिंगचे आहे. पॅकिंग सदोष असल्याची नोंद फॉरवर्डिंग नोटवर झाली तर रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. सही करताना ती नोंद वाचावी.

विमा काढला म्हणून निश्चिंत राहू नये. माल वाहतुकीच्या विम्यात अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. थोडक्यात, ट्रकवाला, रेल्वे आणि विमा कंपनी तिघेही पहिला प्रश्न हाच विचारतात की पॅकिंग कशी होती. म्हणून माल भरताना मोबाईलवर दोनतीन फोटो काढून ठेवावेत. माल घेताना खोके चेपलेले किंवा ओले दिसले तर पोचपावतीवर तसा शेरा लिहूनच सही करावी.

प्लास्टिकचा प्रश्न

हवेची पिशवी शेवटी प्लास्टिकच आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे, आणि केंद्राच्या २०१६ च्या नियमांत माल गुंडाळायच्या प्लास्टिकला साधारणपणे ५० मायक्रॉनची किमान जाडी सांगितली आहे. म्हणून पिशवी घेताना पक्के बिल घ्यावे, जाडी विचारावी आणि आपल्या नगरपालिकेत चालू नियम पाहून घ्यावा. मोठ्या कंपन्याही कागदाकडे वळल्या आहेत. अॅमेझॉनने भारतातल्या आपल्या गोदामांत २०२० पर्यंत बबल रॅप आणि हवेच्या उशांच्या जागी कागदाची गादी आणली. ज्या मालाचे कागदावर भागते तेथे कागदच वापरावा. नळ्यांची पिशवी आली तर ती फोडू नये, जपून पुन्हा वापरावी. आम्ही नेहमीच्या व्यापाऱ्यांकडे रिकाम्या पिशव्या परत पाठवतो, एक पिशवी तीनचार फेऱ्या सहज करते.

घरी करायची परीक्षा

शेवटी एक काम सांगतो. नवी पॅकिंग ठरवली की तिची परीक्षा गिऱ्हाइकाच्या मालावर घेऊ नये. परदेशात आणि आपल्याकडेही पार्सल तपासण्याची एक मान्य रीत आहे. दहा किलोच्या आतले खोके ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याच्या तीन कडांवर आणि सहा वेळा सहा बाजूंवर. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही सरकारी संस्था अशा तपासण्या करून देते, निर्यात करणाऱ्यांनी तेथे जावे. बाकीच्यांना घरचा ओटा पुरतो. बाटलीत अत्तराऐवजी पाणी भरावे, खोके बंद करावे आणि दहा वेळा टाकावे. पाणी बाहेर आले नाही तर मांजरसुंब्याचा घाट आणि हमालाचा हात, दोन्ही पार होतील.

यंदा रमजानच्या मालासाठी आम्ही हेच केले. पहिल्या खोक्यात सातव्या वेळी पाणी आले. बाटली खोक्याच्या बाजूला टेकली होती. खोके दोन बोटे मोठे घेतले, खाली एक पिशवी वाढवली, मग दहाही वेळा कोरडे निघाले. एक काचेची बाटली आणि एक दुपार एवढाच खर्च आला. अत्तर वेगळ्या खोक्यात मागवले, किंमत बिल्टीवर लिहायला लावली. कापड पांढरे आले.